जाहिरातीला आलेली बाई

मालकांनी ताईंच्या टेबलावरचं, कवळीचा चावा जुळवून बघायचं जबड्याचं यंत्र उचललं, खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवलं, शेजारी स्पिरिटचा दिवा, मेणाची सुरी आणि दातांचा नवा संच मांडला आणि दोन पावलं मागे सरून सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहिलं. आजवर त्यांनी कुणासाठी असं टेबल मांडलेलं ताईंनी पाहिलं नव्हतं.

"कुणी येणार आहे का?" ताईंनी विचारलं.

"जाहिरातीला एक अर्ज आलाय," मालक म्हणाले. "बाई आहे. इथलीच. येईलच आता."

ताईंच्या हातात कुणाची तरी खालची कवळी होती. तिची एक कड घासायची राहिली होती. त्या ती कड घासत राहिल्या.

जाहिरात ताईंच्याच जागेची होती. ताईंसारख्या बाहेरच्या देशातल्या माणसाला कामावर ठेवायचं, तर आधी ती जागा रीतसर जाहीर करायची. इथलं कुणी लायक आलं तर त्याला घ्यायचं आणि कुणीच आलं नाही, तर मगच मालकाने बाहेरच्या माणसाचं नॉमिनेशन, म्हणजे सरकारकडे त्याच्या नावाची शिफारस, भरायचं, असा नियम होता. म्हणजे माणूस खुर्चीवर बसून काम करत असताना ती खुर्ची रिकामी असल्याची दवंडी पिटायची. नियम करणाऱ्यांना यात काही वावगं वाटलं नसावं. ताईंनाही आता वाटत नव्हतं. जाहिरातीचा मजकूर तर त्यांनीच सांगितला होता, कारण कवळीच्या कामात नेमकं काय काय यावं लागतं हे मालकांना शब्दांत धरता येईना. व्हिसाचं काम पाहणाऱ्या वकीलबाईंनी तो वाचून मान डोलावली होती. हा नुसता उपचार असतो, असं त्या म्हणाल्या होत्या. दात बसवायच्या कामाला इथलं काळं कुत्रंही फिरकत नाही, उगाच घोर लावून घेऊ नका.

घोर लावून घ्यायला ताईंजवळ काही उरलंच नव्हतं. सुरुवातीला भीती पोटात असायची. मग ती छातीत चढली. आता ती कुठेच सापडत नव्हती. दात काढताना भूल दिली की गाल आपलाच असून आपला वाटत नाही, आणि तो चावला गेला तरी रक्ताची चव येईपर्यंत कळत नाही, तसं त्यांचं झालं होतं. हातातला व्हिसा संपत आला होता. नॉमिनेशन झालं की तिघांना राहता येणार होतं. नाही झालं, तर तिघांनी बॅगा भरायच्या. नवऱ्याची गोदामातली नोकरी आणि लेकीची शाळेतली शेवटची इयत्ता, दोन्ही ताईंच्या पदराला बांधलेली होती. नवरा थट्टेने म्हणायचा, आमच्याकडे घरधनी तू, मी आपला नावापुरता. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा सगळे हसले होते. हल्ली तो म्हणायचा आणि चहा गाळायला उठायचा.

मालक खुर्ची ओढून ताईंसमोर बसले. त्यांचे डोळे ऑपरेशननंतर अधूच राहिले होते. दाराशी कोण आलं ते दिसे, पण मेणावरची रेघ दिसत नसे.

"परीक्षा तुम्हीच घ्यायची आहे," ते म्हणाले. "मला कुठलं दिसतंय. सही मी करीन."

"वकीलबाई काय म्हणतील?"

"त्यांना कशाला सांगायचं?" मालकांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "हे बघा ताई, तुम्ही गेलात तर माझा एक हात गेला. पण खोटं मी लिहिणार नाही. तिला येत असेल तर येतं म्हणायचं, नसेल तर नाही. तुम्ही म्हणाल ते."

हा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्ट मालकाने आधीच सांगून टाकलं असतं की हिला नापास करायचंय, आणि ताईंचा मार्ग मोकळा झाला असता. यांनी मात्र न्यायाचा तराजू ताईंच्या हातात दिला आणि एका पारड्यात ताईंनाच बसवलं. ताईंनी मान हलवली. मालकांना तो होकार वाटला.

नवी बाई आली ती जिन्याशीच बूट पुसून आली. पन्नाशीची असेल. कोट जुना पण नीट होता, केस मागे घट्ट बांधलेले होते. बसण्याआधी तिने खिडकीची झडप अर्धी ओढून घेतली. ताईही कामाला बसण्याआधी तसंच करायच्या, कारण उन्हात मेण मऊ पडतं आणि बसवलेले दात हळूच सरकतात. ताईंनी ते पाहिलं आणि त्यांना समजायचं ते समजलं. परीक्षा तिथेच झाली होती. पुढचं सगळं कागदासाठी.

मालकांनी दोघींची ओळख करून दिली. ताई कोण आहेत ते त्यांनी सांगितलं, पण जागा कुणाची आहे ते नाही सांगितलं. नवी बाई आपण होऊन बोलली. तरुणपणी ती अशाच एका ठिकाणी कामाला होती. ते बंद पडलं. पुढे आई अंथरुणाला खिळली, तिचं करण्यात बरीच वर्षं गेली. आता आई नाही आणि घर खायला उठतं. हे सगळं तिने दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं आणि कोटाच्या बाह्या वर सारल्या.

"कुणाचं आहे हे?" तिने यंत्राकडे पाहत विचारलं.

एका आजीबाईंचं होतं. परीक्षेसाठी खोटं काम काय द्यायचं, म्हणून मालकांनी अडलेलंच काम पुढे केलं होतं. या आजीबाईंच्या वरच्या कवळीचे दात ताईंनी दोनदा मेणात बसवून, तोंडात लावून बघायला म्हणून, दवाखान्यात पाठवले होते आणि दोन्ही वेळा ते परत आले होते. चावा जुळत होता, मापात काही चूक नव्हती, दात ओळीत मोत्यासारखे होते. आजीबाई आरशात पाहायच्या आणि म्हणायच्या, ही मी नव्हे. दंतवैद्याने हात टेकले होते. काही गिऱ्हाइकांचं समाधान कधीच होत नाही, असं म्हणून मालकांनी ते काम आजीबाईंच्या हट्टावर ढकललं होतं. ताईंनाही तसंच वाटत होतं.

"फोटो आहे का बाईंचा?"

फोटो होता. दवाखान्याने पहिल्याच खेपेला पाठवला होता. कसल्याशा सहलीला काढलेला, वाऱ्याने केस उडालेले, तोंडभर हसणं. नव्या बाईने तो झडपेच्या कडेला टेकवून ठेवला आणि दिवा पेटवला.

पहिले काही दात बसवताना तिचा हात चाचपडला. मेण जास्त तापलं, एक दात घसरला, तिने तो काढून पुन्हा बसवला. मग हाताला आठवायला लागलं. सुरी ज्योतीवर जायची, मेणात उतरायची, दात टेकायचा, अंगठा हलकेच दाबायचा. मालकांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. ताई शेजारच्या स्टुलावर बसून होत्या. परीक्षा घेणाऱ्याने टिपण ठेवायचं असतं म्हणून त्यांनी मांडीवर एक कोरा कागद घेतला होता, तो कोराच होता.

पुढच्या दातांपाशी येऊन नवी बाई थांबली. तिने फोटोकडे पाहिलं, सुळ्याच्या अलीकडचा एक दात किंचित वळवला आणि शेजारच्यावर चढल्यासारखा वाकडा बसवला.

"सरळ का नाही लावला?" ताईंनी विचारलं.

"फोटोत तसा आहे ना. या आयुष्यभर तशाच हसल्या असणार. आता म्हातारपणी कुणी सरळ करून दिला तर त्यांना आपलंच तोंड परकं वाटेल."

ताईंनी फोटोकडे पाहिलं. तो वाकडा दात त्यांनी पहिल्या दिवशीच पाहिला होता. पाहिला होता आणि सरळ केला होता. त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडे वाकडं काही टेबलावरून उठत नसे. त्यांना नव्या बाईचा राग यायला हवा होता, किंवा निदान हेवा तरी. दोन्हीतलं काही आलं नाही. काम चांगलं चाललंय, एवढंच त्यांच्या मनात आलं.

मागच्या दाढा बसवून झाल्या. नव्या बाईने यंत्राचा वरचा जबडा खालच्यावर आणला. टक्‌ असा आवाज झाला, आणि तो आवाज ऐकताच ताईंना कळलं की उजवीकडची शेवटची दाढ उंच बसलीय. सगळे दात एका वेळी टेकले तर आवाज वेगळा येतो. डोळ्यांना दिसण्याआधी तो कानाला कळतो. नव्या बाईनेही मान कलती केली होती. जबड्यात ठेवून दाबायचा निळा कागद टेबलाच्या कोपऱ्यात होता. जिथे जास्त दाब पडतो तिथे त्याचा निळा ठिपका उमटतो. तिचा हात तिकडे निघालाच होता.

"उजवी शेवटची," ताई म्हणाल्या. "उंच लागतेय."

त्या म्हणाल्या म्हणजे त्यांचं तोंड म्हणालं. गावाकडे जिथे काम केलं तिथे त्यांच्या हाताखाली कितीतरी मुली शिकून गेल्या होत्या. टक्‌ ऐकायचं आणि सांगून टाकायचं, ही त्यांना लागलेली सवय होती. स्वयंपाकघरात दुसरी बाई उभी असली तरी दूध वर आलं की आपला हात जातोच, त्यातली ती गोष्ट.

"हो की," नवी बाई हसली. तिने सुरी तापवली, दाढेखालचं मेण मऊ केलं, बोटाने दाढ बसवली आणि जबडा पुन्हा मिटला. आता आवाज बरोबर आला. कागद लावून पाहिला, तर निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटले.

मालक फोन आटपून आले. त्यांनी लांबूनच टेबलाकडे पाहिलं, नव्या बाईला बसायला सांगितलं आणि ताईंना आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे त्यांच्या टेबलावर वकीलबाईंनी दिलेला कागद होता. अर्ज करणारी व्यक्ती लायक आहे की नाही, नसेल तर का नाही, ते तिथे लिहायचं होतं. मालकांनी पेनाचं टोपण काढलं.

"बोला ताई. जमेल का हिला?"

बाहेर नवी बाई सुरी पुसून जागेवर ठेवत असल्याचं ऐकू येत होतं. ताईंच्या डोळ्यांसमोर लेक आली नाही, नवराही आला नाही. असल्या वेळी माणसांचे चेहरे समोर येतात म्हणतात, पण समोर फक्त मालकांचं पेन होतं. जमेल, हा शब्द त्यांच्या तोंडात तयार होता. त्यासाठी काही करावं लागणार नव्हतं, नुसता सोडायचा होता.

"एका ठिकाणी सांगावं लागलं," ताई म्हणाल्या.

"कुठे?"

"चाव्यात. शेवटची दाढ उंच बसली होती. मी सांगितल्यावर खाली घेतली."

"म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

ताई पेनाच्या टोकाकडे पाहत राहिल्या. मालकांना शब्दांची अडचण होती, तीही वकीलबाईंच्या नमुन्याने सोडवली होती. एकट्याने, देखरेखीशिवाय काम करता येणं आवश्यक, असं जाहिरातीतल्या जागेच्या वर्णनातच होतं. ताईंनीच सांगितलेलं वर्णन ते. मालकांनी कागद डोळ्यांजवळ नेत, हिला देखरेख लागेल, असं एकेक अक्षर लिहिलं आणि सही केली. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं आणि ते लपवताही येत नव्हतं. खोटं लिहावं लागलं नाही, असं ते दोनदा म्हणाले.

नव्या बाईला त्यांनी स्वतः सांगितलं, अगदी अदबीने, चहा देऊन. तिने वाद घातला नाही. कोट चढवून ती दाराशी आली तेव्हा ताई तिला सोडायला गेल्या. तसं जायची काही गरज नव्हती.

"तुम्ही सांगितलंत ते बरं झालं," नवी बाई म्हणाली. "नाहीतर मी याच भ्रमात राहिले असते की अजून येतंय आपल्याला. एवढी दाढ उंच, आणि माझ्या लक्षात नाही आलं. हात गेला माझा."

उंच दाढ कुणाच्याही लक्षात न येता बसते. ताईंच्याही बसते, रोज बसते. त्यासाठीच तर तो निळा कागद असतो, आणि तिचा हात त्याच्याकडे निघालेला ताईंनी पाहिला होता. हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

"जिन्याला अंधार आहे," ताई म्हणाल्या. "जपून उतरा."

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने दोन्ही हात जोडून वर पाहिलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणाला. एवढी वर्षं काम सोडून बसलेल्या बाईला कुठून जमणार होतं, उगाच आपल्या जिवाला घोर. लेकीने अभ्यासाच्या खोलीतून विचारलं, म्हणजे आता नक्की का गं आई? नक्की, ताई म्हणाल्या. लेक येऊन पाठीला बिलगली. ताईंनी तिच्या हातावर थोपटलं. आपण रडू असं त्यांना वाटत होतं, पण भाताच्या कुकरची शिटी झाली आणि त्या गॅस बंद करायला वळल्या. जेवताना त्यांनी गाल चावला. कळलं ते मात्र जरा उशिराच.

दुसऱ्या दिवशी आजीबाईंचं काम पुन्हा करायचं होतं. परीक्षेतलं काढून टाका आणि तुमच्या हातचं बसवा, असं मालक सांगून गेले होते. ताईंनी यंत्र आपल्या टेबलावर आणलं, दिवा पेटवला, सुरी तापवली. कुठून काढायला सुरुवात करावी ते त्या पाहत राहिल्या. जबडा उघडला, मिटला. वाकडा दात बोटाने चाचपला. सुरी गार झाली, पुन्हा तापवली, पुन्हा गार झाली. एवढ्यात गाडीवाला आला. दवाखान्याचं काही न्यायचं आहे का ताई, म्हणाला, आज लवकर निघायचंय. ताईंनी मेणातली ती कवळी डबीत ठेवली, डबीवर आजीबाईंचा नंबर घातला आणि त्याच्या हातात दिली.

गाडीवाला डबी घेऊन परत आला तो बातमी घेऊनच. दवाखान्यात असा प्रकार त्याने कधी पाहिला नव्हता म्हणे. आजीबाईंनी आरसा हातात घेतला आणि कितीतरी वेळ खाली ठेवलाच नाही. मग बाहेर बसलेल्या बहिणीला हाक मारली, बघ गं, आले की नाही मी. दोघी हसत सुटल्या. दंतवैद्याने निरोप दिला होता, काहीही बदलू नका, तो वाकडा दातसुद्धा तसाच ठेवून पक्की करा.

मालक तो निरोप दिवसभर सगळ्यांना ऐकवत होते. दुपारी वकीलबाईंचा फोन आला. नॉमिनेशनचा अर्ज तयार होता, जाहिरातीचं सगळं रीतसर जमलं होतं. आता फक्त ताईंच्या कामाचा एखादा चांगला फोटो हवा होता, कौशल्याचा पुरावा म्हणून जोडायला. दुसरं कुणी चालणार नाही, हीच व्यक्ती हवी, हे बघणाऱ्याला पटलं पाहिजे. कवळी पक्की करायला अजून टाकली नव्हती, ती तशीच मेणात होती. मालकांनी ती स्वतः उचलून आणली.

"हीच घेऊ," ते म्हणाले. "तुमच्या आजवरच्या कामात हिला तोड नाही, ताई. मला दिसत नसलं म्हणून काय झालं, आजीबाईंना तर दिसलं. पण तो दात वाकडा लावायचं तुम्हाला सुचलं कसं?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मालक खरंच विचारत होते. ऐकायला थांबलेही होते.

"त्यांचा फोटो पाहिला होता," ताई म्हणाल्या.

"बघा, म्हणजे त्याला नजर असावी लागते." मालकांनी मोबाइल काढून गाडीवाल्याच्या हातात दिला आणि ताईंना खिडकीजवळ उभं केलं. "उजेडात धरा. चेहरा नको म्हणाल्यात वकीलबाई, पण हात दिसले पाहिजेत. काम कुणाचं आहे ते कळायला हवं."

ताईंनी कवळी दोन्ही हातांत धरून पुढे केली. गाडीवाला एक डोळा मिटून जवळ आला, मागे सरला, पुन्हा जवळ आला.

"हात हलू देऊ नका, ताई," तो म्हणाला.

ताईंचा हात हलत नव्हता.